थरथरणारा कांटा

स्थिर कांट्यावर विश्वास ठेवणें सोपें आहे, आणि मोडून पडलेल्या कांट्यावर अविश्वास ठेवणेंहि सोपें आहे. मनुष्याच्या बुद्धीची खरी परीक्षा होते ती थरथरणाऱ्या कांट्यापुढें. घड्याळ बंद पडलें तर तें बंद पडलें हें लहान पोरालाहि कळतें. पण कधीं पांच मिनिटें पुढें आणि कधीं दहा मिनिटें मागें जाणारें घड्याळ ज्याच्या घरांत आहे, त्याला गाडी चुकण्याचें भय जन्मभर पुरतें. तापमापक, वजनकांटा, विजेचें मीटर, रक्तदाबाचें यंत्र अशीं किती तरी मापनयंत्रें आज साध्या मध्यमवर्गीय घरांत नांदत असतात. मात्र तीं वाचावयाचीं कशीं हें कोणी कोणाला शिकवीत नाहीं. रक्तदाबाचा आंकडा सकाळीं एक व दुपारीं दुसरा निघाला कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो यंत्र बिघडलें, दुसरा म्हणतो बाबा बिघडले. आणि बाबा मुकाट्यानें हात पुढें करून बसलेले असतात.

आम्हांस या विषयाचा विचार करावयास लावणारा कांटा मात्र यांपैकीं कोणत्याहि यंत्राचा नव्हता. तो एका लहानशा खासगी विमानांतील, तेलाचा दाब दाखविणाऱ्या गेजचा कांटा होता. बीड जिल्ह्यांत गेवराई तालुक्यांत उमापूर हें आमचें गांव. कापूस, ऊस आणि पावसाची वाट पाहणें हे तेथील मुख्य धंदे. उमापुराच्या आकाशांतून विमानें जातात, एवढाच गांवाचा त्यांच्याशीं संबंध. परंतु आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलानें तीं पाहतां पाहतां वैमानिक व्हावयाचें मनांत घेतलें, आणि तो झालाहि. बहीण गांवांतच दिलेली. मुलाच्या परवान्यासाठीं तिची दोन एकर काळी जमीन विकली गेली व उरलेल्या जमिनीवर बँकेचा बोजा चढला. मोठ्या कंपनींत जागा मिळेपर्यंत भाच्यानें एका धनिक गृहस्थांचें चार आसनांचें, एका इंजिनाचें विमान चालविण्याची नोकरी धरली.

एके दिवशीं मालकांना घेऊन तो आकाशांत असतां तेलाच्या दाबाचा कांटा हिरव्या पट्ट्यांतून खालीं घसरला, पुन्हां वर आला, पुन्हां घसरला. भाचा विमान वळवून परत आला. तपासणींत इंजिन धडधाकट निघालें. गेजकडे जाणारी एक तार सैल झाली होती. ती घट्ट केली. मालकांची एक बैठक चुकली, ते हंसले. पंधरा दिवसांनीं कांटा पुन्हां थरथरला, भाचा पुन्हां परत आला, आणि इंजिन पुन्हां धडधाकट निघालें. या वेळीं मालक हंसले नाहींत. कांट्याला ती खोडच आहे, तिकडे पाहूं नये, असा त्यांनीं हुकूम दिला. तिसऱ्या खेपेस, जोंवर त्या गेजची मुळापासून तपासणी होत नाहीं तोंवर विमान जमिनीवरून उचलणार नाहीं, असें भाच्यानें सांगितलें. त्या दिवशीं नोकरी सुटली.

बहिणीचा आम्हांस निरोप आला, "दादा, तूं ये आणि त्याला चार शब्द सांग. दोनदां इंजिन चांगलं निघालं, तरी हा आपला हट्ट सोडत नाहीं. मालकाची माफी मागितली तर घेतील परत." आम्ही उमापुरास गेलों. आम्ही महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवितों, विमान चालवीत नाहीं. चार शब्द सांगण्यापूर्वीं चार शब्द ऐकून घ्यावे, एवढी रीत मात्र त्या शास्त्रानें आम्हांस शिकविली आहे. त्या रात्रीं ओसरीवर बसून भाच्यानें आम्हांस जें सांगितलें, तें वाचकांपुढें आमच्या शब्दांत मांडतों.

अशा विमानाच्या इंजिनास बहुधा चार सिलिंडरें असतात. मोटारीप्रमाणें तेथें पाण्यानें थंड करण्याची सोय नसते. समोरून येणारा वारा आणि आंत फिरणारें तेल हींच त्याला थंड ठेवतात. म्हणजे तेलाला वंगण आणि पंखा अशीं दोन्ही कामें करावीं लागतात. तेलाचा दाब गेला तर धातूवर धातू घांसूं लागतो आणि थोड्याच मिनिटांत इंजिन अडकून पडतें. मोटार रस्त्याच्या कडेला उभी करतां येते. आकाशाला कडा नाहींत. म्हणून तबकडीवरील सर्व कांट्यांत हा एक कांटा वैमानिकाच्या जिवाला सर्वांत जवळचा.

आतां तो कांटा हालतो कसा हें पाहूं. जुन्या पद्धतींत इंजिनांतील तेलच एका बारीक नळीनें तबकडीपर्यंत आणतात. तेथें आंकड्यासारखी वांकविलेली एक पोकळ धातूची नळी असते. दाब वाढला कीं ती सरळ होऊं पाहते आणि तिच्या टोंकाशीं जोडलेला कांटा पुढें सरकतो. यूजेन बूर्दाँ या फ्रेंच गृहस्थानें १८४९ सालीं ही युक्ति नोंदविली, आणि आजहि तीच जगभर चालते. दुसऱ्या पद्धतींत इंजिनाला एक संवेदक बसवितात; तो दाबाप्रमाणें विजेचा विरोध बदलतो व तारेंतून तो निरोप तबकडीकडे जातो. कोणतीहि पद्धति घ्या, इंजिनांत जें घडतें आणि डोळ्यांना जें दिसतें त्यांच्यामध्यें चार-सहा दुवे आहेत. तेल कमी होऊन पंप मधून मधून हवा ओढूं लागला तरी कांटा थरथरतो. दाब आवरणाऱ्या झडपेंत कचरा अडकला तरी थरथरतो. नळींत हवा शिरली तरी थरथरतो. तार सैल झाली तरी थरथरतो. पहिल्या दोन प्रकारांत इंजिनाच्या जिवाला धोका आहे, शेवटच्या दोहोंत निरोप्या बोबडा झाला आहे. कांट्याची थरथर मात्र चोहोंतहि सारखीच दिसूं शकते.

मग वैमानिकानें काय करावें? भाच्यानें सांगितलेल्या युक्त्या ऐकून आम्हांस आमच्या शास्त्राची फार आठवण झाली. पहिली युक्ति अशी कीं, शेजारच्या कांट्याला साक्षीस बोलवावें. तेलाचा दाब खालीं जात आहे आणि त्याच वेळीं तेलाची उष्णता वर चढत आहे, तर दोन साक्षीदार एकच हकीकत सांगत आहेत. तेथें शंकेला जागा नाहीं, जवळची धावपट्टी गांठावी. दाब खालीं, पण उष्णता जागच्या जागीं, तर निरोप्यावर संशय घ्यावयास हरकत नाहीं. तरीहि उष्णता चढावयास वेळ लागतो हें ध्यानांत ठेवावें. शिवाय तेलच पुरतें निघून गेलें असेल तर उष्णतेचें गेज मोजणार तरी काय? साक्षीदार गप्प आहे याचा अर्थ गुन्हा घडला नाहीं असा होत नाहीं. कधीं कधीं साक्षीदारच मारला गेलेला असतो.

दुसरी युक्ति बदलाच्या वेगाची. लोखंड वा ॲल्युमिनियम कांहीं क्षणांत तापत नाहीं आणि क्षणांत निवतहि नाहीं. सिलिंडरच्या उष्णतेचा कांटा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच लाल रेघेवर जाऊन परत आला, तर ती उष्णता नव्हे. ती तारेची लहर होय. निसर्गाला घाई करतां येत नाहीं, खोट्याला येते. तिसरी युक्ति समुदायाची. विजेवर चालणारे सगळे कांटे एकदम नाचूं लागले, किंवा रेडिओचें बटण दाबतांच उड्या मारूं लागले, तर सगळीं इंद्रियें एकाच क्षणीं आजारी पडलीं असें मानण्यापेक्षां त्यांचें मूळ जेथें जोडलें आहे तो जोड सैल झाला असें मानणें शहाणपणाचें. आणि चौथी युक्ति आम्हांस सर्वांत आवडली. जो कांटा मुळींच हालत नाहीं त्याच्यावरहि डोळा ठेवावा. पेट्रोलचा कांटा पाऊण तास उडूनहि तसूभर ढळला नाहीं, तर तो पेट्रोलची हकीकत सांगत नसून स्वतःच्या अडकण्याची सांगत आहे. म्हणून चांगला वैमानिक निघण्यापूर्वीं टाकींत काठी घालून पेट्रोल स्वतः मोजतो.

आमच्या नैयायिकांनीं डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास शिकविलें, आणि त्याच वेळीं धुक्याला धूर समजूं नका असेंहि बजावलें. वैद्यांची नाडीपरीक्षा तरी दुसरें काय आहे? वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते असें म्हणत. पण जुना वैद्य नाडी धरून तेवढ्यावर थांबत नसे. तो जीभ पाहील, डोळ्याची पापणी खालीं ओढील, काल रात्रीं काय जेवलां तें विचारील. एका खुणेवर रोग ठरविणारा वैद्य आणि एका खुणेकडे काणाडोळा करणारा वैद्य हे दोघेहि सारखेच घातक.

ही विद्या आमच्या गांवाला नवी नाहीं. लहानपणीं आमच्या चुलत्यांच्या विहिरीवर डिझेलचें इंजिन होतें. त्याला गेज असें नव्हतेंच. असलें तर तें चुलत्यांच्या कानांत होतें. सारें गांव त्यांना अप्पा म्हणे. अप्पा बांधावर निजलेले असत. इंजिनाचा ठेका एकदम जलद आणि हलका झाला कीं गडी धांवत येई, "अप्पा, इंजिन बिघडलं!" अप्पा न उठतां म्हणत, "इंजिनाला काय धाड भरलीय? विहिरीचं पाणी सरलं. बंद कर." पाणी तुटलें कीं पंपावरचा भार जातो, आणि भार गेलेलें इंजिन उधळतें, हें शास्त्र त्यांना कोणी शिकविलें नव्हतें. खूण एका ठिकाणीं उमटते आणि कारण दुसऱ्याच ठिकाणीं असतें, हें तर्कशास्त्राचें पहिलें सूत्र आम्ही त्या बांधावर ऐकलें; महाविद्यालयांत तें पुढें इंग्रजींत ऐकलें एवढेंच. पण एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कारण कोणतेंहि असो, अप्पांचा शेवटचा शब्द "बंद कर" हाच असे. निदान मागाहून.

कांट्याच्या वाचनांत चूक झाली तर काय होतें याचें एक दुःखद उदाहरण मुंबईच्या समुद्रांत आहे. १ जानेवारी १९७८ रोजीं रात्रीं एअर इंडियाचें 'सम्राट अशोक' हें बोइंग ७४७ विमान दुबईला जाण्यासाठीं निघालें आणि दोन मिनिटांच्या आंत वांद्र्याच्या किनाऱ्यापुढें समुद्रांत कोसळलें. आंतील २१३ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. येथें इंजिनांचा दोष नव्हता. विमान कोणत्या बाजूला कललें आहे तें दाखविणारें मुख्य वैमानिकापुढील यंत्र बिघडलें होतें. उजवीकडचें वळण पुरें करून विमान सरळ झालें, तरी यंत्र उजवीकडचा कल दाखवीत राहिलें. तो नाहींसा करण्यासाठीं विमान डावीकडे कलविलें जाऊं लागलें, आणि तें कलतच गेलें. बाहेर काळोख, खालीं काळा समुद्र, क्षितिजाची रेघ कोठेंच नाहीं. सहवैमानिकापुढें तसेंच दुसरें यंत्र होतें, मध्यें तिसरें राखीव होतें. पण इतर यंत्रांच्या आधारें विमान सांवरलें गेलें नाहीं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तेथें बसलेल्यांना मिळालेले क्षण मोजके होते, आणि ओसरीवर बसून त्यांना दोष देणें आमच्यासारख्या पोथीपंडितांना शोभत नाहीं. परंतु शेजारच्या साक्षीदाराला विचारावें या लहानशा नियमाचें मोल किती मोठें असतें, हें त्या रात्रीनें दाखविलें.

यावर कोणी म्हणेल कीं, जुन्या काळचे धाडसी वैमानिक असल्या कांट्यांची पर्वा करीत नसत. तसें नाहीं. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादवरून मुंबईस जुहूपर्यंत टपालाचें विमान आणलें, तेव्हां त्या 'पस मॉथ' विमानांत रेडिओ नव्हता, एकच इंजिन होतें आणि सोबतीला कोणी नव्हतें. असल्या उड्डाणांत धाडस असतें. पण धाडस म्हणजे डोळेझांक नव्हे. त्याच्या दोन वर्षें आधीं, १९३० सालीं, हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधील एकट्यानें करावयाच्या उड्डाणासाठीं आगाखानांनीं बक्षीस लावलें होतें. टाटा कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे येत होते. इजिप्तमध्यें अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठीं अडून बसले होते. टाटांनीं आपल्याजवळचा जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. आणि बक्षीस अस्पींनींच जिंकलें. पुढें १९६० सालीं ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. या गोष्टींत टाटांच्या औदार्याचें कौतुक सर्व करतात, आणि तें योग्यच आहे. आम्हांस मात्र दुसरीहि एक गोष्ट दिसते. ऐन शर्यतींत, घड्याळाचा कांटा पुढें पळत असतां, तो तरुण जमिनीवर थांबला होता. बक्षीस ज्यानें जिंकलें तो न थांबलेला मनुष्य नव्हता.

आतां आमच्या भाच्याकडे वळूं. बहिणीचें म्हणणें असें कीं, इंजिन दोनदां चांगलें निघालें, म्हणजे मुलगा दोनदां चुकला. हा युक्तिवाद घरोघरीं चालतो, आणि तोच आम्हांस खोडून काढावासा वाटला. निर्णय चूक कीं बरोबर हें मागाहून उघडलेल्या इंजिनावरून ठरवावयाचें नसतें. निर्णयाच्या क्षणीं हातांत काय होतें यावरून ठरवावयाचें असतें. आकाशांत असतां त्याच्या हातांत एक थरथरता कांटा, एक अनिश्चित साक्षीदार आणि मागें बसलेले जीव एवढेंच होतें. परत फिरला आणि कांटा खोटा निघाला, तर एक बैठक आणि थोडें पेट्रोल गेलें. पुढें गेला असता आणि कांटा खरा निघाला असता, तर जें गेलें असतें तें परत आणतां आलें नसतें. दोन पारड्यांतील वजनें इतकीं विषम असतां, कोणतें पारडें अधिक संभवनीय आहे एवढेंच पाहून चालत नाहीं.

परंतु खरा प्रश्न त्या दोन परतण्यांचा नव्हता, तिसऱ्या सकाळचा होता, आणि तेथें मालकांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे. खोटी हांक फुकट नसते. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण मुलांना खोटें बोलूं नये म्हणून सांगतों; पण तिच्यांतील लांडगा खरा होता हें आपण विसरतों. खोटी हांक ऐकून ऐकून गांव बहिरा झाला, आणि बहिरेपणाची किंमत मेंढरांनीं दिली. "तिकडे पाहूं नका" या मालकांच्या हुकुमांत कांट्याच्या खोडीवर उपाय नव्हता. त्यांत वैमानिकाला बहिरें करण्याची व्यवस्था होती. ज्या दिवशीं तोच कांटा खरें सांगण्यासाठीं थरथरेल, त्या दिवशीं त्याचें कोण ऐकणार? म्हणून बिघडलेलें गेज हा बिघडलेल्या इंजिनाहून लहान दोष नव्हे. नियमहि हेंच सांगतो. तेलाचा दाब दाखविणारें गेज चालत नसतां अशा विमानानें उडूं नये. भाच्याचा आग्रह इंजिन वाईट आहे असा नव्हताच. इंजिन चांगलें आहे कीं वाईट हें कळण्याचा मार्ग बंद झाला आहे, एवढेंच तो म्हणत होता.

आम्हीं बहिणीला हें सर्व सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "हें खरं असेल दादा. पण बँकेचा हप्ता कोणता कांटा भरणार?" या प्रश्नाला आमच्या शास्त्रांत उत्तर नाहीं. हप्त्यांपैकीं कांहीं आम्हीं भरले, कांहीं थकले. सात महिने मुलगा घरीं होता. मग एका उड्डाणशाळेंत त्याला शिक्षकाची जागा मिळाली. पगार पहिल्याहून कमी आहे, आणि कर्ज अजून फिटावयाचें आहे. त्या मालकांनीं दुसरा वैमानिक ठेवला. तें विमान आजहि उडतें आणि त्याला कांहीं झालेलें नाहीं. बहीण हें आम्हांस अधूनमधून ऐकविते. कांहीं झालें नाहीं म्हणजे कांहीं होण्यासारखें नव्हतें असें सिद्ध होत नाहीं, असें आम्ही म्हणतों; आणि ती मान हालविते, होकारार्थी कीं नकारार्थी हें तिचें तिलाच ठाऊक.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही पुन्हां गांवीं होतों. डिझेलचें इंजिन जाऊन आतां विहिरीवर विजेची मोटर आहे. दिवसा वीज नसते, म्हणून रात्रीं पाणी द्यावें लागतें. बहिणीबरोबर आम्हीहि बॅटरी घेऊन गेलों. मोटर सुरू झाली, पाटाला पाणी लागलें, आणि अर्ध्या तासानें पेटीवरील अँपिअरचा कांटा खालींवर होऊं लागला. पाणी अजून पडत होतें. आम्ही कांहीं बोलणार तोंच बहिणीनें बटण दाबून मोटर बंद केली.

"अगं, पाणी तर येत होतं," आम्ही म्हणालों, "कदाचित् कांट्यालाच खोड असेल."

"असेल," ती म्हणाली. "पण मोटर जळाली तर मला कोण भरून देणार आहे?"

आम्हांस उत्तर सुचलें होतें. तें न देतां आम्हीं पाटाच्या कडेनें बॅटरी धरली आणि दोघें घराकडे निघालों.